पाक हार्सोयोंची बसकी गाडी

आमच्या गल्लीत चारचाकी एकच, पाक हार्सोयोंची जुनी पांढरी स्टारलेट. दार लावलं की पत्र्याच्या डब्याचं झाकण बसल्यासारखा आवाज व्हायचा. इथे मोठ्या माणसाला नावाआधी 'पाक', बाईला 'बू' आणि तरुणाला 'मास' लावायची रीत. हार्सोयो बाटिकच्या कारखान्यात भांडारपाल. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद, घरात शिरताना चपला भिंतीला समांतर. सत्तेचाळिसावं लागलं तरी कुणाशी आवाज चढवून बोललेला नव्हता हा माणूस. मी सुराबायाची, लग्न करून या सोलो शहरात आले आणि गल्लीच्या तोंडाशी भाताचं न् चहाचं दुकान थाटलं. आमच्याकडे दोन शिव्या घातल्याशिवाय माया कळत नाही. इथे मात्र घराला आग लागली तरी लोक आधी म्हणतील, "माफ करा हं, जरा धूर येतोय."

गाडी त्यांनी स्वतःसाठी घेतली होती. ती गल्लीची कधी झाली ते त्यांनाही कळलं नाही. नवरी असो, बाळंतीण असो, मेजवानीची पातेली असोत, कडी वाजायची ती हार्सोयोंची. शिवाय दर मंगळवारी आणि शुक्रवारी बू कात्मी. ही शिवणकाम करणारी म्हातारी. मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिला दारातून गाडीत बसवायचं आणि परत दारात उतरवायचं. हार्सोयोंनी कधी कुरकुर केली नाही. एकदाच चहा पिता पिता मला म्हणाले, "बू तुमिनी, फक्त माझं म्हणावं असं माझ्याकडे काय आहे हो?"

"बायको आहे की."

"ती तिच्या आईची आहे," म्हणाले, आणि आपल्याच विनोदाला लाजले.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं. माझ्या दुकानासमोर मास तोपिकचं गॅरेज आहे. तिथे एक स्टारलेट आली, यांच्यासारखीच जुनी, पण जमिनीला टेकेल इतकी बसकी. अशा गाडीला आमच्याकडे 'चेपेर' म्हणतात. पोरं तिच्याशेजारी उभी राहून फोटो काढत होती. हार्सोयो हातातला चहा विसरून बघत राहिले.

"शिकवशील का?" त्यांनी तोपिकला विचारलं.

तोपिक फटकळ. "शिकवीन, पण शर्ट बदलून या. आणि ऐका, आधी आहे ते धड करायचं. ब्रेक, शॉक-अब्सॉर्बर, सांध्यांतले रबरी बुश, टायर. मग एका वेळी एकच बदल, आणि तो केला की गाडी चालवून बघायची. पण सगळ्यात आधी सांगा, या गाडीत बसणार कोण?"

"मी," हार्सोयो म्हणाले. एवढ्या ठामपणे ते काही म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही.

मग दर रविवारी हा माणूस गाडीखाली. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरायचं नाही, चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, पहार घालून हलवलं की झिजलेला बुश कळतो, असं सगळं ते शाळेतल्या पोराच्या उत्साहाने शिकले. बाहीला पहिल्यांदा ग्रीस लागलं त्या दिवशी ते पुसायच्या ऐवजी मला दाखवायला आले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याशा गाडीच्या रुंद रिमा आणून बसवल्या. मग स्प्रिंगांची पाळी आली.

"गाडी नीट खाली बसवायची तर आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉक मिळतात," तोपिक म्हणाला. "कापणं ही गरिबाची वाट. कापायचीच तर अर्धा वेढा कापा. दोन्ही बाजूंना सारखा. मग आठवडाभर चालवा."

हार्सोयोंनी खडूने दीड वेढ्यावर खूण केली.

"पाक, कापलं ते परत जोडता येत नाही."

"जोडायचंय कुणाला?" ते म्हणाले आणि ग्राइंडर चालू केला.

गाडी देखणी दिसली, खोटं कशाला बोलू? चाकाच्या कमानीत बोट शिरेना. हार्सोयो काच खाली करून, कोपर बाहेर काढून गल्लीत वळले आणि खर्रर्र! गाडीचं पोट अडकलं.

आमच्या गल्लीत तीन गतिरोधक आहेत. झोपलेले पोलीस म्हणतो आम्ही त्यांना. सोयाबीनचं पनीर तळून विकणारा मास प्रिहादी, त्याच्या मुलीला गल्लीत भरधाव शिरलेल्या मोटरसायकलने उडवलं होतं. पाय मोडला तिचा, अजून जरा ओढत चालते. तेव्हा गल्लीने रविवारच्या श्रमदानात स्वतःच्या हातांनी सिमेंट कालवून ते घातले. ते कमी करा असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि हार्सोयो म्हणालेही नाहीत. ते गाडी माझ्या दुकानापाशीच लावू लागले.

"झकास झालीय हं, पाक," जो तो म्हणाला. मीही म्हणाले. वाईटपणा कुणी घ्यायचा?

आता बू कात्मी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून गल्लीभर चालत यायच्या. भिंतीला टेकत, थांबत, माझ्या बाकड्यावर बसून दम घेत. "चालणं बरं असतं मला," म्हणायच्या. हार्सोयोंनी ते खरं मानलं. जन्मापासून सोलोतला माणूस, स्वतः आयुष्यभर असंच बोलत आलेला, आणि दुसऱ्याचं असलं बोलणं शब्दशः घेऊन बसला! डायलिसिसहून परतताना तर म्हातारीच्या अंगात त्राण नसायचं. मग प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघं जण तिला घरी न्यायचे. "हलक्याच आहेत हो," खुर्ची उचलणारे म्हणायचे. माझ्या जिभेवर यायचं, पण नवरा डोळे वटारायचा.

मग श्रमदानाचा रविवार आला. हार्सोयो लुंगी नेसून, झाडू घेऊन निघाले, तर पहिल्या गतिरोधकापाशी ठकठक चाललेली. प्रिहादी छिन्नी-हातोडीने तो फोडत होता. अर्धा फोडून झाला होता.

"हे काय, मास प्रिहादी?"

"काही नाही, पाक. जरा उंचच झाले होते हे." त्याने वर पाहिलं नाही. "तुमची गाडी आत यायला हवी ना. बू कात्मींना खुर्चीतून नेणं बरं दिसत नाही."

"आणि तुझी मुलगी?"

"आता सांभाळून चालते ती."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. हार्सोयोंचे कान लालबुंद झाले. झाडू टाकून ते गतिरोधकाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर मटकन बसले.

"उठा ना, पाक, धूळ लागेल," प्रिहादी ओशाळून म्हणाला.

ते उठेनात. "मला कुणी सांगितलं का नाही?"

एकदम सगळ्यांना आपापल्या पायाशी पाचोळा दिसायला लागला. जो तो खाली मान घालून झाडत सुटला. हार्सोयोंनी माझ्याकडे पाहिलं. "बू तुमिनी, तुम्ही तर सुराबायाच्या."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं?"

"नसतं," ते म्हणाले. मग सिमेंटचे तुकडे गोळा करून, जिथून निघाले तिथे एकेक ठेवून बघायला लागले. मला तर त्यांच्याकडे बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाक, ते तसं जुळत नाही," प्रिहादी हळूच म्हणाला. "सिमेंट आणतो मी."

त्या दिवशी दोघांनी मिळून तो गतिरोधक पुन्हा घातला. हार्सोयोंच्या बाजूचा वेडावाकडा झाला, अजून तसाच आहे. गाडीसाठी न कापलेल्या स्प्रिंगा भंगारबाजारात मिळेपर्यंत बू कात्मींच्या खुर्चीची एक बाजू हार्सोयोंनी धरली, कारखान्यातून सुट्टी काढून. नेताना आणि आणताना, दोन्ही वेळा माझ्या दुकानासमोर ते दुसरीकडे बघायचे. मिळाल्या त्या स्प्रिंगाही दुसऱ्याच गाडीच्या निघाल्या. स्टारलेट पहिल्यापेक्षा चार बोटं उंच झाली.

"पाक, आता भात लावायला घेऊन जा हिला," तोपिक खिंकाळला. हार्सोयो हसले नाहीत. रुंद रिमा तेवढ्या राहू दिल्या त्यांनी.

पुढच्या मंगळवारी गाडी तिन्ही पोलिसांवरून सावकाश, कुठेही न घासता गेली आणि थेट बू कात्मींच्या दारात उभी राहिली. म्हातारी चौकटीला धरून उभी होती.

"एवढा त्रास कशाला घेतलास, बाबा?" ती म्हणाली. "चालणं बरं असतं मला."

हार्सोयोंनी मान वर केली नाही. "हो, बू," म्हणाले, आणि तिला दोन्ही हातांवर उचलून गाडीत बसवलं.