धुतलेला धनेश

संग्रहालयात मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून त्यांना उभं करणाऱ्या माणसाला सगळे स्वच्छताकाका म्हणत. नाव मस्करीत पडलं होतं, पण चुकीचं नव्हतं. पक्षी टेबलावर आला की आधी कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. बाकी सगळं नंतर. बायको म्हणे, "घरी चहाचा कप विसळत नाहीत, आणि तिकडे कावळ्यांना न्हाऊ घालतात."

त्यांची नावाजलेली कामगिरी म्हणजे पहिल्या दालनातला धनेश. ढोलीच्या तोंडाशी बसलेला नर, चोचीत उंबर. चोच, तिच्यावरचं शिंग, पंखांवरचा पट्टा, सगळं पांढरंशुभ्र. पुस्तकातल्या चित्रात पिवळं होतं, पण चित्रकाराचा हात सैल सुटला असणार, असं काकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. शुक्रवारी काकांचा निरोपसमारंभही त्या कपाटासमोरच व्हायचा होता.

सोमवारी वनरक्षक वादळात मेलेला एक धनेश घेऊन आला. काकांनी सवयीने साबण काढला.

"अहो काका, थांबा! धुताय काय?"

"मळलाय केवढा, बघ ना."

"मळ नाही तो, रंग आहे. शेपटीच्या मुळाशी पिवळ्या तेलाची ग्रंथी असते. तिथे चोच घासतो आणि स्वतःला पिवळं करून घेतो."

वनरक्षक मग बोलतच सुटला. मादी ढोलीत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते, नर गळ्यात भरून आणलेली उंबरं फटीतून तिला एकेक भरवतो, बिया जंगलभर टाकत हिंडतो. काकांचं लक्ष नव्हतं. त्या पहिल्या पक्ष्याच्या वेळी त्यांनी तीनदा पाणी बदललं होतं, आणि पिवळा झालेला टॉवेल कौतुकाने सगळ्यांना दाखवला होता. त्यांना मनापासून लाज वाटली.

"चार दिवस राहिलेत. पिवळा रंग मारा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली. "कोणाला कळतंय?"

गुरुवारी काकांनी रंग कालवला. छटा अगदी बरोबर जमली. कपाट उघडून ते ब्रश घेऊन उभे राहिले, आणि मग त्यांच्या मनात आलं, खरंच कोणाला कळणार नाही. आपल्या टेबलावर उद्या जो बसेल त्यालाही नाही, आणि तोही पुढचा धनेश घासून घासून धुवेल. त्यांनी डबीला झाकण लावलं.

शुक्रवारी साहेब भाषणात म्हणाले, "यांच्या हातून कधी चूक म्हणून झाली नाही." लोक टाळ्या वाजवत कपाटाकडे वळले. आत नवी पाटी होती, काकांच्या अक्षरात: 'धनेश, नर. या पक्ष्याची चोच, शिंग आणि पंखांवरचा पट्टा पिवळा असतो. तो रंग तो स्वतः लावतो. याचा मी धुऊन काढला.'

टाळ्या थांबल्या. साहेबांनी पाटी दोनदा वाचली.

"आजच्या दिवस काढू या का ही?" ते हळूच म्हणाले.

"माझा आजचाच दिवस आहे, साहेब," काका म्हणाले. "राहू द्या."