मनोऱ्यावरून दिसणारं नाचणगाव

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे रूपराव, महिन्या-दोन महिन्यांनी पुलगावला जायचे. आंजीहून सकाळची एसटी धरायची, वर्ध्याला गाडी बदलायची आणि दिवस मावळता परत. काय काम होतं म्हणून विचारलं तर "होतं थोडंसं" एवढंच. घरात यावरून चेष्टा चालायची. म्हाताऱ्यानं तिकडे दुसरा संसार मांडला असेल, असं आमचे हेच हसत म्हणायचे. मला हसू येत नसे, राग यायचा. पुलगावला लागूनच नाचणगाव, आणि नाचणगावात त्यांची लेक सुलोचना दिलेली. हा माणूस पुलगावपर्यंत जातो आणि लेकीच्या दारात पाय ठेवत नाही, हे माझ्या डोक्यात जायचं.

उघड बोलायची सोय नव्हती. सुलोचनाबाईंच्या लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आमच्याकडे लेकीला लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मामाजी एकदा तिच्याकडे गेले होते, भर वैशाखात. तिनं लोटा पुढे केला, त्यांनी हात जोडले. तिची सासू तिथल्या तिथे म्हणाली, "पाळणा हालला का मंग पानी पेतीन व्याही." ओसरीवर चार बाया बसल्या होत्या. मामाजी त्यानंतर त्या घरी गेलेच नाहीत. सुलोचनाबाई भाऊबीजेला यायच्या, एक रात्र राहायच्या आणि निघताना मला हळूच विचारायच्या, "वहिनी, बाबा माह्यावर रागावले का?" मी काय कपाळ सांगणार?

त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला. तरी पुलगावचं खूळ सुटेना. एकट्याला सोडायची भीती, आणि घरात कोणालाच सवड नाही. मी म्हटलं, मी जाते. म्हाताऱ्याचं तिथे चालतं तरी काय, ते एकदाचं बघायचंच होतं मला.

एसटीतून उतरून मामाजी निघाले ते सरळ बागेत. ती बाग आणि तिच्यातला मनोरा तेव्हा साऱ्या पंचक्रोशीला माहीत होता. शाळांच्या सहली यायच्या, नवी जोडपी यायची. कण्हेरीचं कुंपण, झेंडूचे वाफे, गाडीवर फुटाणे विकणारा, आणि मधोमध गोल जिन्याचा उंच मनोरा. वर गेलं की एका अंगाला वर्धा नदी आणि रेल्वेचा पूल दिसायचा. लोक तेच बघायला यायचे. मामाजी कठडा धरून चढले, मधे दोनदा थांबले, पण कुठे चाचपडले नाहीत. वर पोचल्यावर सगळे नदीकडच्या बाजूला गेले आणि हे उलट्या बाजूला.

"सुनबाई, ते चिचेचं झाड पाह्य. त्याखाली कवेलूचं घर. दिसून राह्यलं का?"

"दिसते."

"आंगनात कोनी हाये का?"

नाचणगावच्या अलीकडच्या टोकाला ते कौलारू घर होतं. अंगणात हिरव्या लुगड्यातली कोणीतरी ये-जा करत होती. एवढ्या लांबून चेहरा कुठला कळायला? पण मला आता सगळं कळलं होतं. इतकी वर्षं हा माणूस एवढ्यासाठी इथे येत होता, आणि आम्ही घरात त्याची थट्टा करत होतो.

"हिरवं लुगडं हाये," मी म्हटलं. "वाळवण घालून राह्यल्या वाटते."

"तेच थे, माही सुलोचना. मले आता काईच नाई दिसत. म्हनून तुले आनलं."

मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी चिडलेही. "इथवर येता, मंग घरी काऊन नाई जात?"

"गेलो का पोरगी पानी आनीन. मी नाई म्हनीन. माह्या नाई म्हनन्यानं चार बायाइले आठोन होते, का हिची ओटी रिकामी हाये. मी गेलोच नाई तं तेवढं तरी टळते."

"तिले वाटते तुमी रागावले. पेऊन टाका न तिच्या हातचं पानी. कोन काय करते?"

ते कठडा सोडून जिन्याकडे वळले. मागे सहलीच्या पोरांचा गलका चालला होता. मग म्हणाले, "चाल."

आम्ही उतरलो आणि पायी नाचणगावला गेलो. बापाला दारात बघून सुलोचनाबाई धावत पुढे आल्या. त्यांना ओट्यावर बसवून त्या आत पळाल्या. पाणी यायला उशीर लागला. आल्या तेव्हा धापा टाकत होत्या, पदर खांद्यावरून घसरला होता, पण चेहरा आनंदानं फुलला होता.

"बाबा, हे शेजारच्या धुरपताबाईच्या घरून आनलं. माह्या घरचं नाई. बिनघोर प्या."

मामाजींनी लोटा हातात घेतला. तुझ्याच घरचं दे, असं ते आता सांगतील, मग सांगतील, म्हणून मी वाट बघत राहिले. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण बाप-लेकीच्या मधे सुनेनं तोंड कसं घालावं? लोटा तोंडाला लावून ते तळापर्यंत पाणी प्यायले.

परतताना एसटीला अवकाश होता म्हणून बागेत बसलो. मी विचारलं, "बोलले काऊन नाई?"

"इतकी धावत गेलती थे माह्यासाठी. तिचं धावनं वाया कसं घालवू?"

पुढच्या खेपेला मीच बोलेन, असं मी ठरवलं होतं. पुढची खेप आलीच नाही. उन्हाळा लागला आणि मामाजींनी अंथरूण धरलं. अन्न सुटलं, बोलणं क्षीण झालं. गावातले नत्थूजी पुलगावला निघाले होते, त्यांच्याजवळ मी निरोप दिला: सुलोचनाबाईंना म्हणा लवकर या, आणि येताना तुमच्या घरच्या माठातलं पाणी आणा, शेजारचं चालणार नाही.

दुसऱ्याच दिवशी त्या आल्या. चरवीच्या तोंडाला फडकं बांधून ती सगळी वाट मांडीवर धरली होती. एसटीच्या गचक्यांनी अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं होतं. त्यांनी मामाजींचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाणी तोंडात घातलं. ते गिळलं गेलं. मामाजींनी डोळे उघडले.

"कोनाच्या घरचं?"

सुलोचनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"माह्या घरचं, बाबा."

"मंग आनखीन दे," मामाजी म्हणाले.