उंदीरमामांची मुदतवाढ

प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. छत्तीस वर्षं पिंजरे धुऊन भुशाचा वास त्यांच्या अंगात मुरला होता. मानेची कातडी चिमटीत धरून उंदराला गप्प करावं ते मामांनीच. उंदीर त्यांना कधी चावला नाही. ते खातं घरी मामींकडे होतं.

महिनाअखेरीला मामा निवृत्त व्हायचे होते. मामींनी आधीच बजावलं, "व्हा निवृत्त, पण दुपारी घरात दिसू नका. माझं शिवणयंत्र आणि तुमचं तोंड एका खोलीत चालायचं नाही." मामांनी वर्षभराच्या मुदतवाढीचा अर्ज केला. सही मोठ्या साहेबांची हवी होती. साहेब स्वतःच तिसऱ्या मुदतवाढीवर होते, तेव्हा ते आपलं दुःख जाणतील असा मामांचा हिशेब.

त्याच सुमारास नवं औषध आलं. प्रथिनाचा बारीकसा तुकडा, त्याला पेप्टाइड म्हणतात. ते म्हाताऱ्या उंदरांना दर सोमवारी टोचायचं. तरुण डॉक्टरीणबाईंनी बैठकीत समजावून सांगितलं, "काही पेशी म्हाताऱ्या होतात. काम सोडतात, पण मरत नाहीत. जागा अडवून बसतात, वर शेजारच्या धडधाकट पेशींनाही बिघडवतात. हे औषध त्यांना सांगतं, निघा आता."

मागच्या बाकावरून मामा बोलले, "मग पहिलं साहेबांनाच द्या की, बाई."

साहेब पुन्हा तरणेताठे होतील, एवढंच मामांच्या मनात होतं. पण कुणाला खोकल्याची उबळ आली, कुणी खाली पडलेलं पेन बराच वेळ शोधत राहिलं. साहेब मात्र ताठ बसून होते.

दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, "संस्थेला ताज्या रक्ताची गरज आहे."

"बाई, मी चांगल्या मनानं बोललो हो."

"मामा, तुमच्या चांगल्या मनाला आधी मला विचारत जा म्हणावं."

मामा निवृत्त झाले आणि पुढच्या सोमवारी ताजं रक्त दिसलं, ठेकेदाराच्या नव्या माणसाच्या तीन बोटांवर. एक म्हातारा उंदीर तर औषधानं एवढा तरतरीत झाला होता, की कपाटामागे गेला तो गेलाच. आणखी एक सोमवार चुकला असता तर प्रयोग बोंबलला असता, आणि साहेबांची चौथी मुदतवाढ याच प्रयोगावर टांगलेली. त्यांनी स्वतः बाह्या सरसावल्या. संध्याकाळी अंगठ्याला पट्टी बांधून त्यांनी मामांना फोन लावला.

"या परत. झालं गेलं विसरा."

"येतो साहेब, पण कुठल्या पदावर?"

काम ठेक्यावर देताना पद तर रद्द झालं होतं. नोकरीवर माणूस घ्यायला परवानगी नव्हती. सामान घ्यायला होती. मग खरेदीच्या यादीत भुसा आणि पाण्याच्या बाटल्या यांच्यामध्ये एक ओळ चढली, "उंदीर हाताळणी साहित्य, नग एक."

सकाळी मामा सामानाच्या खिडकीशी उभे राहिले. कारकुनानं चष्मा वर केला. "मामा, जरा वळा. तपासल्याशिवाय सही करता येत नाही."

"बघ बाबा."

"वापरलेला नग दिसतोय."

"छत्तीस वर्षं."

"हमी किती?"

"वर्षाची धर. घरून तेवढीच मागणी आहे."

कारकुनानं शिक्का उमटवला, "माल सुस्थितीत मिळाला." मामांनी त्या पावतीची एक प्रत मागून घेतली, मामींना दाखवायला.