पुलावरचं फाटक

राजाने नदीपलीकडच्या राजकन्येशी लग्न केलं, दोन राज्यं एक झाली आणि पुलावरचं जुनं फाटक निघालं. सुताराने त्याच लाकडाचा पलंग केला आणि पलीकडे दिलेल्या लेकीच्या संसाराला धाडला. राजाने तिकडे सोयरीक केली, तशी त्यानेही केली. त्यात त्याचं काय चुकलं?

पुढे राणी मूल न होताच वारली. झालं, वारसावरून दोन्ही दरबार हमरीतुमरीवर आले आणि राज्यं पुन्हा वेगळी झाली. सुताराच्या लेकीला मात्र त्या पलंगावर दोन पोरं झाली होती, धाकटं तर थेट आजोबांवर गेलेलं. पण असल्या वारसांना विचारतो कोण?

नवं फाटक बसवायचा हुकूम घेऊन अंमलदार सुताराच्याच दारी आला. सुतार मनातल्या मनात शिव्या हासडत राबला, पण हात काही वाईट काम करायला तयार होईनात. फळीला फळी घट्ट भिडली. फाटक लागलं तेव्हा पलीकडून लेकीचा आवाज आला, "बाबा, धाकट्याला तुमचं बोट धरायचंय."

सुताराने वरपासून खालपर्यंत फट चाचपली. कुठेच सापडली नाही.

"काम चोख आहे," मागून अंमलदार म्हणाला.