काकांना दहन हवं होतं

"जन्मभर क्रांती चौकात मोर्चे काढले. आता एकदा क्रांती झालेला देश दाखव," असं आत्या म्हणाली आणि मी व्हिएतनामच्या ई-व्हिसाची माहिती शोधायला लागले.

आत्याचा जन्म पोलीस ॲक्शननंतरच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस सालच्या हिवाळ्यातला. शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही, लाल बावट्याच्या पक्षाचं काम मात्र गुडघे दुखेपर्यंत केलं. आई गेल्यापासून छावणीतल्या आमच्या घरात तिघंच आहोत: आत्या, तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा, आणि मी. चितेगावच्या एका कारखान्यात मी शीतयंत्रांची चाचणी घेते.

घरातलं एक भांडण इथेच सांगून टाकते, कारण ते आमच्यासोबत हनोईपर्यंत आलं. आत्याला देहदान करायचं आहे. मेल्यावर देह घाटीला द्यायचा, म्हणजे आमच्या सरकारी मेडिकल कॉलेजला, मुलांना शिकायला. बाबांना ते मान्य नाही. माणसाने कितीही सांगून ठेवलं तरी त्या वेळी घरच्यांनी कळवलं नाही तर काहीच होत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. निघायच्या दिवशी बॅग उचलता उचलता बाबा म्हणाले, "अक्का, तुला मी चिरफाडीला देणार नाय."

"बरं. बॅग तर नीट धर," आत्या म्हणाली.

स्टेशनकडे जाताना रिक्षात ती मला म्हणाली, "मग तू शब्द दे." मी तिकिटं पुन्हा तपासत राहिले.

मुंबईपर्यंत रेल्वे आणि तिथून थेट विमान, हा मार्ग वयस्कर माणसांना सोयीचा आहे. हनोईत जुन्या बाजारपेठेत राहणार असाल तर हॉटेलला लिफ्ट आहे का, हे आधी विचारून घ्या. इमारती अरुंद आणि जिने खडे आहेत. रस्ता ओलांडताना थांबायचं नाही आणि पळायचंही नाही. एका गतीने चालत राहिलं की स्कूटर आपल्याला वळसा घालून जातात. मी हे आत्याला समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "आपल्या शहागंजच्या बाजारात काय वेगळं असतं?" आणि माझ्या पुढे निघून गेली. शाकाहारी जेवण सहज मिळतं, पण आपल्या जिभेला ते अळणी लागेल. आत्याने ठेच्याची डबी नेली होती. ती तिसऱ्या दिवशी संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समाधी. या देशाच्या क्रांतीच्या नेत्याला तिथे सगळे काका म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. पंचेचाळीस साली स्वातंत्र्य जाहीर केल्यापासून मरेपर्यंत, सुमारे चोवीस वर्षं, ते प्रमुख होते, आणि त्यातली बहुतेक वर्षं युद्धात गेली. त्यांचा देह काचेच्या पेटीत जपून ठेवला आहे. दर्शन फक्त सकाळी असतं, आठवड्यातले काही दिवस आणि वर्षातले काही आठवडे बंद, तेव्हा आधी चौकशी करा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. कॅमेरा बाहेर ठेवावा लागतो.

आमची मार्गदर्शक लान इतिहासाची विद्यार्थिनी होती. तिचं इंग्रजी मी आत्याला मराठीत सांगत होते. रांगेत आत्याने तिला विचारायला लावलं, "काकांच्या राज्यात तुझ्या घरच्यांचं काय झालं?"

लानने आधी आजूबाजूला पाहिलं. मग ती म्हणाली, "आजोबांना शाळा मिळाली. घरात पहिले शिकलेले तेच. पण त्याआधी जमीन वाटपाच्या काळात पणजोबांना जमीनदार ठरवलं. ते परत आले नाहीत. नंतर सरकारने चूक झाली म्हणून सांगितलं."

"किती जमीन होती?" आत्याने विचारलं.

"दोन म्हशी चरतील इतकी."

रांग पुढे सरकली.

आत थांबता येत नाही. पांढऱ्या गणवेशातले सैनिक हाताने पुढे सरकायला सांगतात. एखाद्याने हात खिशात घातला तर तो काढायला लावतात. उजेड मंद, आणि बाहेरच्या उकाड्यातून गेल्यावर गारठा एकदम जाणवतो. यंत्रांचा आवाज अजिबात येत नव्हता. यंत्रं लांब बसवली असणार आणि हवेचा वेग फार कमी ठेवला असणार, असा माझा अंदाज आहे. मी हवेचे झरोके शोधत होते. आत्या चेहरा पाहत होती. तिने लाल सलामासाठी मूठ उचलली, सैनिकाने नकारार्थी मान हलवली, तिने मूठ खाली घेतली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "लई गार हाय आत. पण लोकांनी किती प्रेमानं ठेवलंय बघ. आम्ही सभांमधून सांगायचो हे."

मी ते लानला सांगितलं. ती म्हणाली, "हो, प्रेमानेच. काकांना स्वतःला दहन हवं होतं. तसं त्यांनी सांगून ठेवलं होतं. राख तीन भागांत, तीन टेकड्यांवर. वर झाडं लावा म्हणाले होते."

हे आत्याला सांगावं का, म्हणून मी थांबले.

"काय म्हणली ती? सगळं सांग," आत्या म्हणाली. मी सगळं सांगितलं.

समाधीच्या मागे काका जिथे राहत ते खांबांवरचं साधं लाकडी घर आहे. ते चुकवू नका. शेजारच्या तळ्यात मोठे मासे आहेत. तिथल्या बाकावर आत्या बसली ती उठेना. लान पाणी आणायला गेली.

"चोवीस वर्षं सगळा देश या माणसाच्या शब्दावर चालला," आत्या म्हणाली, "अन् मेल्यावर एक शब्द नाय चालला. त्यांना जळायचं होतं, तर जपून ठेवलं. मला नाय जळायचं, तर तुझा बाप जाळणार. तो बी प्रेमानंच."

"उन्हात बसू नकोस," मी म्हणाले.

"व्हय, विषय बदल. तुझ्या बापाची लेक शोभतीस."

तिसऱ्या दिवशी 'हा लाँग' नावाच्या ठिकाणी समुद्रात बोटीने फिरलो. पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे डोंगर आहेत. बोट निवडताना वरच्या मजल्यावर सावली आहे का ते पाहा. आत्याला डोंगर आवडले. देहदानाचा विषय तिने पुन्हा काढला नाही, आणि तेच मला जड गेलं. आयुष्यभर प्रत्येक ठराव दहादा मांडणारी बाई गप्प बसली म्हणजे तिने हार मानली, हे मला कळत होतं.

घरी पोचलो तेव्हा बाबांनी भाकरी आणि वांग्याची भाजी करून ठेवली होती. जेवताना मी म्हणाले, "बाबा, आत्याचं काही झालं तर घाटीला फोन मी करणार आहे. तेव्हा भांडायला वेळ नसेल. काय बोलायचं ते आत्ता बोला."

आत्याने घास तसाच धरून ठेवला. बाबा माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

"अन् मला काय?" ते मला म्हणाले. "तुझ्या आईची राख मी पैठणला सोडली. अजून बी तिथं गेलो की नदीशी बोलतो. अक्काशी कुठं बोलायचं मी? कॉलेजच्या गेटवर?"

"आत्ता बोल की," आत्या म्हणाली. "दिवसभर घरातच असते मी. तू पेपर तोंडापुढं धरतोस."

काकांचा चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता, झरोके शोधत राहिले. बाबांचा मात्र पाहिला. या प्रवासातून माझ्याकडे काय उरलं असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन.

ते ताट घेऊन उठले. मोरीपाशी, आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले, "फोन तू नाय करायचा. बहीण माझी हाय. मी करीन."