आंब्याच्या खोलीतलं गाणं

माझा चुलतभाऊ जयगडच्या बंदरात नोकरीला आहे आणि रेकॉर्डिंगमधलं त्याला ओ की ठो कळत नाही, असं मी गावभर सांगत असे. ढोलकी बरी वाजवतो, तेवढं सोडा.

मी मात्र कळणाऱ्यातला. घराच्या मागच्या खोलीत मी कॉम्प्युटरवर गाणी करतो. उघड्या भिंती आवाज उलटा फेकतात, म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत. भरतकामाच्या रिंगेत बायकोच्या जुन्या ओढणीचा तुकडा ताणून तो माइकपुढे लावलाय, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. गाताना पंखा बंद, खिडकी बंद, कुकर बंद. गाणाऱ्याच्या कानात हेडफोन आणि त्यात ठेक्याची टकटक, म्हणजे लय जागची हलत नाही. कुणी विचारलं तर हे सगळं मी तासभर समजावून सांगतो. न विचारताही सांगतो.

गाणारी माझी बायको. तिचं माहेर राजापूरकडचं. आईकडून आलेल्या एका चालीवर तिने गौरीच्या फेराचं नवं गाणं रचलं. वाडीतल्या बायकांनी ठरवलं, येत्या गौरींना हेच गाणं रेकॉर्ड करून लावायचं आणि त्यावर फेर धरायचा, म्हणजे हिलाही घसा न ताणता नाचता येईल. काम अर्थातच माझ्याकडे आलं. मला ते माझ्याच हातून व्हायला हवं होतं. नवऱ्याने बायकोच्या गळ्याचं सोनं केलं, असं चार लोकांनी म्हणावं, एवढीच माझी हौस.

बावीस वेळा गाऊन घेतलं. "इथे सूर खाली गेला." "टकटकीच्या पुढे जाऊ नकोस." "श्वास ऐकू येतोय." ती निमूट परत गात होती. मग एकेक सूर मी सॉफ्टवेअरमध्ये उचलून नेमका जागेवर बसवला. गाणं चकाचक झालं.

बायकांनी आमच्या अंगणात त्यावर फेर धरून बघितला. दोन फेऱ्या झाल्या आणि सगळ्या घुटमळायला लागल्या. फेर हळू सुरू होतो आणि चढत जातो, हे लहानपणापासून बघूनही मी विसरलो होतो. माझं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच गतीत. शेजारची काकू मला म्हणाली, "गाणा बरा हाय रे, पण पाय उचलत नाय."

मे महिन्यात, गौरींना अजून अवकाश असताना, चुलतभाऊ सुट्टीवर आला. त्याच्या बायकोने हिला आपल्या घरी बोलावून घेतलं. त्यांच्या एका खोलीत आंब्याची आढी घातलेली होती, गुडघाभर पेंढ्यात हापूस पिकत पडलेला. तिथेच जुना लॅपटॉप आणि मी टाकून दिलेला माइक लावून अर्ध्या तासात त्यांनी गाणं करून टाकलं. ते मला कळलं, ते त्यांच्या अंगणात वाजलं तेव्हाच. बायका घामाघूम होईपर्यंत नाचल्या. माझ्या बायकोचा आवाज असा मोकळा सुटलेला मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. लोक चुलतभावाच्या पाठीवर थापा मारत होते. मी हसत होतो आणि माझ्या अंगाची नुसती लाही लाही होत होती.

मी स्वतःची समजूत घातली, की ही सगळी त्या खोलीची करामत. पेंढ्याने घुमणारा आवाज गिळला, यात ह्याचं काय कर्तृत्व? तरी चैन पडेना. सरळ जाऊन त्याच्याकडे मूळ फाइल मागितली. आवाजावर त्याने कुठले इफेक्ट टाकलेत ते मला बघायचं होतं. "घे ना दादा, त्यात काय," म्हणत त्याने पेनड्राइव्ह हातावर ठेवला. त्याच्या या मोकळेपणाचाही मला राग आला.

घरी येऊन फाइल उघडली. एकच ट्रॅक. इफेक्टची यादी रिकामी. आवाज आणि ढोलकी एकाच माइकवर, एकदाच. गाण्याच्या आधीचा भाग त्याने कापून लपवला होता, तो मी ओढून बाहेर काढला आणि ऐकला. आधी माझ्या बायकोचं हसणं आलं. मग ती म्हणाली, "भावोजी, हेडफोन नको हां मला. त्यात ती टकटक असते, जीव घाबरतो माझा."

"नको तर नको, वयनी. तुम्ही म्हणा, मी मागून येतो."

आणि ती गायला लागली. ती जिथे थांबली तिथे ढोलकी थांबली, ती पळाली तशी ढोलकी पळाली.

माझ्या खोलीत ती कधी हसली होती का, ते मी आठवत बसलो. बावीस टेक माझ्याकडे जपून ठेवलेले होते. ते सगळे काढून ऐकले. प्रत्येकाच्या सुरुवातीला फक्त माझाच आवाज होता.

मी स्वयंपाकघरात गेलो. ती कोकमाची सोलं वाटीत भिजत घालत होती.

"आपण ते गाणं परत करूया," मी म्हटलं. "टकटक नको. हेडफोन नको. तुला पाहिजे तसं गा."

तिने वर बघितलं. रागावलेली नव्हती, अगदी सहज बोलली. "आता कशाला हो? झालं ना ते गाणं."