बाईंच्या पुस्तकातलं चौथं प्रकरण

निमगाव केतकीच्या अलीकडं आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. एक खोली, सहा कपाटं आणि सकाळी पेपर वाचायला येणारे म्हातारे. दुपारी बाया येतात, म्हणजे तेव्हा यायच्या.

मला चौथीपासून सातवीपर्यंत शिकवणाऱ्या बाई निवृत्त होऊन बारामतीत राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या नोकरीच्या आठवणींचं पुस्तक स्वतःच छापून घेतलं. एसटीनं आल्या आणि तीन प्रती माझ्या टेबलावर ठेवल्या. म्हणाल्या, "तुझ्या गावात माझी अकरा वर्षं गेली. हे इथं असायला हवं."

त्याच संध्याकाळी मी ते वाचून काढलं. चौथं प्रकरण एका मुलीवर होतं. नाव दिलेलं नव्हतं, पण मला कशाला हवं होतं? ती माझ्याच वर्गात होती. पाढे म्हणायला उभी राहिली की तिला कुणी थांबवू शकत नसे. सहावीत असताना घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं. बाई त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, पण कुणी आत या म्हटलं नाही. मुलगी आतून दप्तर घेऊन धावत आली, तेव्हा थोरल्या भावानं ते हिसकावलं आणि बाईंच्या डोळ्यांदेखत अंघोळीच्या बंबात घातलं. दीड वर्षानं ती बाळंतपणात गेली. बाईंनी लिहिलं होतं, 'लग्नानंतर हजेरीतलं तिचं नाव मी माझ्या हातानं खोडलं. पेन चांगलं चालत होतं, याचाही मला राग आला.'

तो थोरला भाऊ म्हणजे आता आमच्या गावचे आबा. सोसायटी, शाळा समिती, वाचनालय, सगळीकडं तेच अध्यक्ष.

मी प्रकरण वाचलं आणि पुस्तक कपाटात लावलं. बायांमध्ये ते हातोहात फिरलं. आबांच्या सुनेनं तर तीनदा नेलं. ती बारामतीची, बी.ए. झालेली. तिसऱ्यांदा परत करताना तिनं हळूच विचारलं, "काका, ह्यातली मुलगी आमच्या घरातली का हो? घरात एक फोटो आहे. कुणाचा विचारलं तर कुणी सांगत नाही."

"बाईंनी रंगवून लिहिलंय," मी म्हणालो. "तुम्ही मनावर घेऊ नका."

तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं. मग रजिस्टरात परत केल्याची सही करून गेली.

पंधरा दिवसांत बोभाटा झाला. आबा वाचनालयात आले, शांतपणे खुर्चीवर बसले. पुस्तक मागितलंच नाही.

"रजिस्टर काढ," म्हणाले. "कुणी कुणी वाचलं ते बघू दे."

मी काढलं. एवढंच नाही, पान शोधून त्यांच्यापुढं उघडून ठेवलं. ते नावांवरून बोट फिरवत गेले. एकूण नऊ बाया होत्या. सुनेच्या नावावर बोट पहिल्यांदा थांबलं, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा.

"तीन डाव?" एवढंच म्हणाले.

रविवारी देवळापुढच्या मंडपात बैठक बसली. बाईंना बोलावून घेतलं होतं. त्या आल्या, हातात छत्री, तोंडावर घाम. कुणी तरी ओरडलं, "आमच्या गावाची अब्रू काढता व्हय? आमच्या गावानं तुमाला भाकरी दिली!"

बाई म्हणाल्या, "त्यात खोटं काय आहे ते दाखवा. मी इथंच खोडते."

मग आबांनी मला विचारलं, "तू ठेवलंस ना हे कपाटात? वाचलं न्हवतंस?"

"न्हाय आबा," मी म्हणालो. "बाईंनी दिलं म्हणून ठेवलं. आत काय हाय मला ठावं न्हवतं."

बाई माझ्याकडं बघत होत्या. मी मान खाली घातली.

"मग तेवढी पानं काढ," आबा म्हणाले. "पुस्तक राहू दे. आमी पुस्तकाच्या विरोधात न्हाय."

कुणीतरी ब्लेड दिलं. तिन्ही प्रतींतली बारा-बारा पानं मी कापली, शिवणीला धक्का न लावता. मागून एक जण हसून म्हणाला, "बाई, तुमचा इद्यार्थी हाय. हात बघा कसा साफ चालतोय." मंडप हसला. मीही थोडा हसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पानांचा गठ्ठा आबांनी घरी नेला. तिथं काय झालं ते त्यांच्या गड्याकडून कळलं. सुनेला परसात बोलावलं, पानं हातात दिली आणि म्हणाले, "उद्या सकाळचं पाणी ह्यावर तापवा. तुमचंच आवडीचं हाय." तिनं एकेक पान बंबात घातलं. सासू शेजारी उभी राहून मोजत होती. नंतर सुनेचा फोन काढून घेतला. माहेरी जायचं बंद झालं.

बाकीच्या आठ घरांतही बायांना बोलणी बसली. एका बाईच्या नवऱ्यानं तिचं बोट दारात चिरडलं, म्हणे पुस्तकाची पानं उलटायला लई शिवशिवतं. ती त्याच हातानं निमगावच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना दिसली. मला बघून तिनं पदर पुढं ओढला.

महिनाभरानं मी बारामतीला बाईंकडं गेलो. त्यांनी दार उघडलं, बसवलं, चहा केला. मी माफीचं बोलायला लागलो तर त्यांनी हातानं थांबवलं.

"ती सून कशी आहे?"

"बरी आहे."

"नक्की?"

मी कप बशीत ठेवला.

"एकच सांग. ते प्रकरण तू वाचलं होतंस?"

"वाचलं होतं, बाई. ज्या दिवशी दिलंत त्याच दिवशी."

त्यांनी माझा अर्धा भरलेला कप उचलला, मोरीत ओतला आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

वाचनालयात मी अजून आहे. दुपारी खोली रिकामी असते.